करडईतली वाटनी

आई तुळजाभवानीची शपथ, ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय! खोटा निघाला तर ही सत्यभामा उद्यापासून मिसरी लावायची न्हाई. आता ह्याच्याहून मोठी शपथ मला ठावी न्हाई.

औंदा पौषात आमच्या करडईवर अशी माव्याची कीड पडली की झाडं वाकून माझ्या पाया पडायला लागली. माझा पोरगा राधाकिशन पाठीवर औषधाचा पंप घिऊन निघाला.

"ठिव तो खाली," मी म्हनले. "किडे सोडून मावा संपवते."

"तुझ्या गोष्टीतले किडे का, आई?"

"खरे किडे!"

"बरं. पंधरा दिस देतो. न्हाई जमलं तर फवारनी, आन् पाडव्यापस्तोर ओट्यावर एक बी गोष्ट सांगायची न्हाई."

पैज घेतली, पन लई म्हाग व्हती. करडई गेली तर तेल इकत आनता येतंय. गोष्टी पोटात ठिवल्या तर मी फुगून मरंन.

शेजारच्या नाथाच्या जवारीत गेले, लोटाभर ढालकिडे धरले. लाल, पाठीवर काळे ठिपके, एकेक लिंबाएवढा! करडईत सोडले आन् दोन दिसांत मावा निम्मा. पन माझ्या धाकट्या जावंला, सुभद्राला, माझं चांगलं कुठं बघवतंय? तिनं कृषी केंद्रातनं कागदाच्या पट्ट्या आनल्या. त्याच्यावर क्रायसोपाची अंडी. त्या किड्याच्या अळ्या बी मावाच खातेत. तिनं त्या पट्ट्या नेमक्या माझ्या ढालकिड्यांच्या मधी टाचल्या.

चार दिसांनी बघते तर काय! क्रायसोपाच्या अळ्या इळ्यासारखे जबडे काढून ढालकिड्यांची पिवळी अंडी फोडायल्यात. ढालकिडे क्रायसोपाच्या राहिलेल्या अंड्यांवर तुटून पडलेत. आन् मावा? मावा शेंड्यावर मांडी घालून, जत्रंतली कुस्ती बघावी तसा टाळ्या पिटायलाय!

हसू नका. मी चष्मा लावला व्हता.

सुभद्राला वढत बांधावर आनलं. "बघ तुझे पाव्हने! माझी लेकरं खायलेत."

"आवं बाई, तुमची लेकरं बी काय उपाशी न्हाईत. पन कावून भांडत असतील? मावा तर ढीगभर हाय."

"एका घरात दोन कारभारनी. आपलं आठवतंय का?"

तिला आठवलं. आमची एक चूल व्हती तवा आमी दोघी दिसभर भांडायचो, आन् मांजर आरामात दूध पिऊन जायचं. सासऱ्यानं मधी भिंत घातली, तवापासून भाजीची वाटी हिकडून तिकडं जाती.

"मंग घाला भिंत," सुभद्रा म्हनली.

आमी दोघींनी वाकून वाकून पट्ट्या काढल्या, वढ्याकडच्या टोकाला लावल्या. ढालकिडे येचून हिरीकडं नेले. मधी करडईच्या धा ओळी कुनाच्याच न्हाईत.

पंधराव्या दिशी राधाकिशन शेंडे चाळत आख्खं रान फिरला. मावा उरला व्हता चार-दोन झाडांवर. गुमान पंप घरात नेला.

"सांग आता काय सांगायचं ते," म्हनला.

तीच ही पहिली गोष्ट. पन सुभद्रा दाराआडून ऐकायली, हातात उलथनं हाय. म्हनून एक बारीक गोष्ट कबूल करते. त्या पट्ट्या आनल्या तिनं, पन ढालकिड्यांच्या मधी मीच टाचल्या व्हत्या. ढालकिडे कमी पडतेत का काय, म्हनून. तेवढं एक रचलंय.

माव्याच्या टाळ्या मातर खऱ्याच हायेत.