गेटवरचा रामहरी

"दोन पास म्हंजी दोनच मानसं. बाकीच्यांनी तिकडं लिंबाखाली बसा," असं म्हणून रामहरीनं हात आडवा धरला.

समोर पुणतांब्याहून आलेलं टेम्पोभर गणगोत उभं होतं. बायांच्या हातात पिशव्या, पिशव्यांत शहाळी, कडेवर पोरं.

"आरं बाबा, आमी काय दवाखाना लुटायला आलोय व्हय? भागूबाईला नुसतं तोंड दाखवायचंय," त्यातले एक आजोबा म्हणाले.

"दोघं भेटून खाली आले का फुडचे दोघं सोडतो. समद्यांना सोडतो, पर दोन-दोनच."

आजोबा पुटपुटत लिंबाखाली गेले. मी गेटशेजारच्या चौकशीच्या खिडकीत बसतो, त्यामुळं हे बोलणं मला तोंडपाठ आहे. रामहरीच्या जागी बसवलं तर मीही आडवा हात धरून तेच म्हणेन. फक्त मी माझ्या ओळखीच्या लोकांना सोडेन. रामहरी सोडत नाही. आणि त्या दिवसांत वर बायकांच्या वॉर्डात, त्याच भागूबाईच्या शेजारच्या खाटेवर, रामहरीची स्वतःची आई होती, आणि तिला भेटायला गावाकडचं एकही माणूस येत नव्हतं.

हे असं का झालं ते सांगतो. त्यासाठी आधी अभ्यासाचं सांगावं लागेल.

आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं आहे. नगरमध्ये असली बरीच आहेत, त्यातलं एक समजा. ट्रस्टींना कुठलंसं दर्जाचं प्रमाणपत्र हवं होतं, म्हणून पुण्याच्या एका संस्थेतून निकिता मॅडम आल्या. हॉस्पिटलचं व्यवस्थापन आणि रुग्णसेवेचा दर्जा हा त्यांचा पीएच.डी.चा विषय. मुलगी कष्टाळू, उगाच शिष्टपणा नाही. वॉर्डात तासन् तास उभी राहून ती टिपणं घ्यायची: एका खाटेभोवती माणसं किती, त्यांतली बसलेली किती, खाटेखाली झोपलेली किती. शेवटी जे निघालं ते आम्हाला उघड्या डोळ्यांनी दिसतच होतं. गर्दी फार. सिस्टरला सलाईन लावायला वाट मिळत नाही, जखमा चिघळतात. खाटेवर पाहुणे बसलेत आणि पेशंट सलाईनची बाटली हातात धरून उभा आहे, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. तेव्हा त्या अभ्यासात खोटं काही नव्हतं. त्यातूनच पासची पद्धत आली, एका पेशंटला दोन पास.

मॅडमची पंचाईत दुसऱ्याच ठिकाणी झाली. त्यांनी पेशंटना मार्क द्यायला सांगितलं, सिस्टरला पाचपैकी किती, जेवणाला किती, स्वच्छतेला किती. आमच्याकडच्या लोकांनी सगळ्यालाच पाच दिले. आपलं माणूस अजून त्यांच्या हातात आहे, कशाला वाकडं बोला, हा एक हिशेब. आणि मार्क म्हटले की परीक्षा, आपल्यापायी कुणाची पोरगी नापास व्हायला नको, हा दुसरा. एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, "सहा न्हाईत का?"

"सगळे पाच देतात हो सुनीलदादा. मग मी अभ्यास कशाचा करू?" मॅडम माझ्या खिडकीशी येऊन म्हणायच्या.

"खरं बोलणारं एखादं माणूस भेटेल की," मी म्हणायचो. मला काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

पासची पद्धत कागदावर सोपी होती, गेटवर अवघड. आधीचे वॉचमन दोन दिवसांत ढिले पडले. कुणाचा मेव्हणा, कुणाचा साडू, कुणी तंबाखू दिली, चालला आत. रामहरी मात्र हलला नाही. त्याला पढवलं होतं ते त्यानं पाळलं, एवढंच. वॉर्डातली गर्दी खरोखर ओसरली. मॅडमनी अहवालात त्याचं नाव घातलं, ट्रस्टींनी त्याचा फोटो फलकावर लावला. रामहरीनं फोटोचा फोटो काढून गावी पाठवला. त्याचा आनंद मला तरी खरा वाटला होता.

त्याचं गाव पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं. गेल्या साली टोळ्या निघायच्या तोंडावर तिथले पुंजाराम आमच्याकडं अॅडमिट झाले. रामहरीच्या भावकीतलं वडील माणूस. त्यांना भेटायला टेम्पो भरून गाव आलं. कुणाला कसलीच काळजी नव्हती, कारण गेटवर आपला रामहरी होता. टेम्पोतून उतरतानाच ते हसत होते.

रामहरीनं हात आडवा धरला. दोघं गेले, दोघं आले, पुन्हा दोघं गेले. म्हातारी माणसं वर गेली की लवकर उतरतात थोडीच. अर्ध्या लोकांचा नंबर लागायच्या आत भेटायची वेळ संपली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या टोळ्या कारखान्याला निघायच्या होत्या. टेम्पो माघारी गेला, आणि त्याच आठवड्यात पुंजाराम गेले. ज्यांची भेट झाली नाही त्यांची राहिलीच.

"रामहरीभाऊ, अर्धा तास डोळे झाकले असते तर काय बिघडलं असतं?" मी त्याला विचारलं होतं.

"मंग बाकीचे म्हनले आस्ते ना, तुज्या गावाला येगळा नियम आन आमाला येगळा का?"

गावानं त्याला तोंडावर शब्दानं विचारलं नाही. फक्त त्याच्या घरी लग्नाची आमंत्रणं यायची थांबली, आणि पारावर तो येऊन बसला की लोकांना कामं आठवू लागली.

अशात त्याची आई, गोजरबाई, अंगणात पडली आणि मांडीचं हाड मोडलं. रामहरीनं तिला नगरला आणलं. ऑपरेशन झालं, पण मग धाप लागायला लागली. डॉक्टरांनी रामहरीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, हाड जुळेल, पण हृदय थकलंय, फार दिवस धरू नका.

म्हातारीला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिला त्याची फिकीरही नव्हती. तिची फिकीर एकच. रामहरी दुपारच्या सुट्टीत वर गेला की ती विचारायची, "गावाकडचं कोन आलं का?"

तिचं विचारणं रास्त होतं. आमच्या भागात आजारी माणसाला भेटून येणं हे जेवणाइतकं ठरलेलं आहे. सोयऱ्याधायऱ्यांत कोण भेटायला आलं नाही हे लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. आणि गोजरबाईनं तर त्यात कधी कसूर केली नव्हती. ऊसतोडीहून सहा महिन्यांनी गावात ट्रॅक्टर आला की बाई चूल मांडायच्या आधी घरोघर जायची. मागं कोण आजारी पडलं, कुणाचं माणूस गेलं, सगळ्यांना भेटून मग स्वतःच्या घराचं कुलूप काढायची. आता तिची पाळी होती. शेजारी भागूबाईच्या खाटेखाली शहाळ्यांचा ढीग, दर थोड्या वेळानं नवी जोडी आत येतेय, आणि गोजरबाईच्या खाटेखाली नुसत्या तिच्या चपला.

रामहरीनं गावाकडं फोन लावला, पुंजारामच्या पुतण्याला, आसारामला. रामहरीला ऐकायला कमी येतं म्हणून त्याचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळं माझ्या खिडकीत सगळं ऐकू आलं.

"यायचं तर लई हाय रे मनात," आसाराम म्हणाला, "पर तुमच्या दवाखान्याचा नियम कडक. उगं लिंबाखाली बसायचं आन माघारी यायचं. गोजरकाकूला राम राम सांग."

"आसाराम, तू एकला ये. म्या सोता वर घिऊन जातो. तिच्याकडं दिस थोडे हायेत रं."

"आमच्या चुलत्याकडं बी थोडेच हुते."

फोन बंद झाला. रामहरी फोन खिशात घालून पुन्हा गेटवर गेला. मला त्याचं वाईट वाटलं, आणि आसारामचं चुकलं असंही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं बाहेरच्या गाड्यावरून दोन शहाळी आणि बिस्किटाचे पुडे घेतले. मला म्हणाला, "सुनीलभाऊ, चला बरं वर. एकल्याला जावंना." मी गेलो. त्यानं शहाळी आईच्या खाटेखाली ठेवली, भागूबाईला दिसतील अशी.

"कुणी आनली?" म्हातारीनं विचारलं.

"आसारामनं. आल्ता तो, बायको बी आल्ती."

म्हातारीच्या तोंडावर असं तेज आलं की मी दुसरीकडं बघितलं. ती उठून बसायला लागली. "मंग हायेत कुठं? वर का न्हाई आली?"

रामहरीनं एवढा पुढचा विचार केला नव्हता. आले नाहीत म्हणावं तर ती आडवी व्हायची. आले म्हणावं तर दाखवायचे कुठून?

"म्या सोडलं न्हाई," तो म्हणाला. "येळ झाल्ती. नियम हाय, आये."

"तू आडवलं?"

"व्हय."

"मपल्या मानसांला? इतक्या लांबून आलेल्या?"

मग तिनं त्याला जे झोडपलं, ते अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. धाप लागत होती तरी थांबली नाही. दवाखान्याचा कुत्रा म्हणाली. तो टोपी हातात घेऊन ऐकत राहिला. मग ती भागूबाईकडं वळून म्हणाली, "आलीत मपली मानसं. ह्या मेल्यानंच सोडलं न्हाई." आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. आज कानिफनाथची मोसंबी, उद्या वरच्या आळीतल्या बायांनी पाठवलेली केळी. रोज गाव गेटपर्यंत येई, आणि रोज रामहरी ते माघारी लावी. म्हातारी त्याच्या हातचं पाणी घेईना. सविता सिस्टरकडून घ्यायची आणि तिलाच विचारायची, आज कोण आलं होतं. सिस्टरही त्याच्यावर चिडली. "सख्ख्या आईच्या माणसांनाही सोडवत नाही का तुम्हाला?" जिन्यात गाठून तिनं विचारलं. तो म्हणाला, "नियम हाय." मी सिस्टरला खरं सांगायला निघालो, तर त्यानं माझा हात धरला. "तिच्याजवळून आयेला कळंल. ऱ्हाऊ द्या."

मला राग आला होता. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही. गावाचा, त्याचा, थोडासा त्या पासांचा.

त्याच आठवड्यात निकिता मॅडम दुसऱ्या फेरीला आल्या. पास सुरू झाल्यावर दर्जा किती सुधारला, ते तपासायला. बायकांच्या वॉर्डात भाषेला अडायला नको म्हणून मला बरोबर घेतलं. भागूबाईनं सगळ्यांना पाच-पाच दिले. मग आम्ही गोजरबाईच्या खाटेशी आलो. दुपारची सुट्टी होती, रामहरी पायथ्याशी उभा होता, युनिफॉर्ममध्ये.

"आजी, सिस्टर कशा आहेत? पाचपैकी किती?"

"पाच."

"जेवण?"

"पाच."

"आणि गेटवरची व्यवस्था? भेटायला येणाऱ्यांना नीट वागवतात का?"

म्हातारीनं मान वर केली. "एक बी न्हाई."

मॅडमचं पेन थांबलं. इतक्या महिन्यांत त्यांना पहिल्यांदा कुणी असं उत्तर दिलं होतं. "का हो आजी?"

"त्यो गेटवरचा मानूस लई वंगाळ हाय. मपलं समदं गाव मला भेटाया आलं, रोज आलं. त्यानं एकालाबी वर सोडलं न्हाई." तिनं बोट केलं. "ह्योच त्यो."

मॅडमना तो तिचा मुलगा आहे हे माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, ड्यूटीवरचा वॉचमन सहज वॉर्डात आलाय. त्या त्याच्याकडं वळून म्हणाल्या, "रामहरीकाका, ही तक्रार मला समितीपुढं ठेवावी लागेल. पास आम्ही अडवायला नाही काढले, पाळीपाळीनं सोडायला काढलेत. तुमची नेमणूकही पुढच्या महिन्यात नवी व्हायचीय. खरंय का हे?"

मी म्हणालो, "मॅडम, जरा बाहेर येता का, मी—"

"खरं हाय," रामहरी मधेच म्हणाला. "आल्ते समदे. म्याच सोडलं न्हाई."

म्हातारी समाधानानं उशीला टेकली. मॅडमनी खाली मान घालून तक्रार लिहिली आणि तिला वाचून दाखवली: पेशंटचं सगळं गाव भेटायला आलं होतं, गेटवरच्या माणसानं कुणालाही आत सोडलं नाही.

"बराबर लिव्हलं?" म्हातारीनं मला विचारलं.

"बरोबर, आजी," मी म्हणालो.

"समदं गाव, आसं लिव्हलंय ना?"

"हो."

"आजींना सही येते का? नसेल तर खाली नातेवाइकाची लागेल," मॅडम म्हणाल्या. "जवळचं कुणी आहे का इथं?"

रामहरी पुढं आला. त्यानं मॅडमच्या हातातून कागद घेतला, खाटेच्या कठड्यावर टेकवून सावकाश सही केली, आणि नातं लिहायच्या जागी लिहिलं, मुलगा.