सतीशरावांनी ओढलेला दोर

मित्रांनो, मी एक जुने चर्च आहे. आयर्लंडमध्ये नावन शहराबाहेर, ओल्या कुरणांच्या मधोमध उभे आहे. वय विचारू नका, मलाच आता नीट आठवत नाही.

गवंड्यांनी करडा दगड चुन्यात बसवून माझ्या दोन दोन हात जाड भिंती उभारल्या. खिडक्यांना टोकदार कमानी दिल्या, वर ओकच्या तुळया टाकल्या. दारावरच्या चौकोनी मनोऱ्यात घंटा टांगली. भिंतींवर संतांची सुंदर चित्रे होती. पुढे धर्मसुधारणा झाली आणि त्यांवर चुन्याचा पांढरा हात फिरला. ते मला फार लागले. अलीकडे जर्मनीहून आलेली ल्युथरपंथी मंडळी इथे प्रार्थनेला जमत, पण हळूहळू तीही पांगली. किल्ली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या हेझलबाई तेवढ्या उरल्या. छप्पर गळत होते. घंटा फक्त कोणी वारले तरच वाजे. शेवटी मला कायमचे कुलूप लावायचे ठरले.

त्याच आठवड्यात नावनच्या इस्पितळातल्या डॉक्टर माधवी मला पाहायला आल्या. सोबत नागपूरहून आलेले त्यांचे वडील सतीशराव होते. त्यांनी दाराबाहेर बूट काढले, आत पाऊल टाकले आणि समोर लोंबणारा घंटेचा दोर सवयीने ओढला!

मनोरा दणाणला. माझ्या अंगावर काटाच आला.

"बाबा! अहो, हे देऊळ नाहीये!"

"देवाच्या घरी आलो तं सांगा लागते ना," सतीशराव शांतपणे म्हणाले.

तेवढ्यात कामे टाकून गावकरी धावत आले. त्यांना वाटले, हेझलबाईच गेल्या! त्या तर आत बाके पुसत होत्या.

"मी ग्रँड आहे, अगदी ठणठणीत," त्या म्हणाल्या. "मरतंय ते हे चर्च. त्याच्यासाठी कुणी धावलं नाही."

मग एकेकाची नजर गळक्या छपराकडे गेली.

कुलूप लावायचे बारगळले. गावाने छप्पर नीट केले. मधे कोणीतरी भिंतींना फासलेले सिमेंट खरवडून पुन्हा चुना भरला. सिमेंटने ओल आतच कोंडत होती. आता मोकळे वाटते.

सतीशराव परत गेले, त्यांची सवय मात्र इथेच राहिली. आत येणारा प्रत्येक जण आता दोर ओढतो, आणि कोणी दचकत नाही. मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखे कोणी म्हातारे उभे असेल. ते जाण्याची वाट पाहू नका. जिवंतपणीच एकदा धावत जा.