मामाच्या तळहातावरचा निळा

मामाचा सगळा जीव दगडांत. त्यातही अझुराइट, म्हणजे तांब्याच्या खाणीत सापडणारा तो निळाशार दगड दिसला, की स्वारी तहानभूक विसरायची. भाची चित्रकार झाली तेव्हा काळजावर दगड ठेवून त्याने संग्रहातला सगळ्यात देखणा अझुराइट तिला देऊन टाकला.

आज ती मामाचंच चित्र रंगवून घेऊन आली. चित्रात मामाच्या तळहातावर तोच दगड होता. एकेक स्फटिक हुबेहूब, कडेला मॅलकाइट या हिरव्या दगडाची झाक. मामा हरखून गेला.

"काय निळा आहे गं! कुठल्या दुकानातला रंग?"

"दुकानातला कुठला! तू दिलेला दगड खलात कुटला आणि चांगला घोटला. जुने चित्रकार असाच तर रंग करायचे."

मामाच्या पायाखालची जमीनच सरकली.

"सगळा कुटलास?"

"चिमूटभरसुद्धा वाया घालवला नाही!" भाची अभिमानाने म्हणाली. "हिरवा मात्र कमी पडला बघ. मामा, तुझ्या कपाटात तो मखमली मॅलकाइट आहे ना..."

मामा धडपडत उठला आणि कपाटाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिला.