एका दमात वीस

“न्यूमा आहे, अजून न्यूमा आहे.”

एका सुईणीचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. हजारो वर्षांपूर्वी, ग्रीकांच्या देशात, नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या नाकापाशी तळहात धरून ती म्हणाली होती. मित्रांनो, तो न्यूमा मीच. मी एक फार जुना शब्द आहे. वाऱ्याला मी, श्वासाला मी, जीवालाही मीच. फुप्फुसाचं नावही माझ्याच वळणाचं, न्यूमोन.

पुढं वैद्यांनी मला पोथ्यांत बांधून देशोदेशी नेलं. इंग्रजीनं माझं पहिलं अक्षर, ‘पी’, लिहायचं ठेवलं, बोलायचं सोडलं. फिरत फिरत मी भंडारा जिल्ह्यात, चिखल्याकडच्या मँगनीजच्या एका खाणीत उतरलो. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या, दगडाला भोकं पाडणाऱ्या मशीनवर माझं नाव कोरलं होतं: न्यूमॅटिक. मशीन डोमाच्या हाती. “डोमाचा हात लागला का दगड लोण्यावानी होते,” असं घनश्याम आणि खाणीतले इतर सोबती म्हणत, आणि मीही फुगून जाई.

भोक पाडताना आत पाणी सोडायचं असतं, म्हणजे धूळ दबते. पण पाण्यानं काम लांबतं म्हणून डोमा नळी बंद ठेवी. घरी येऊन गुळाचा खडा चघळी. गुळानं धूळ उतरते, हे त्याचं शास्त्र.

धुळीला ग्रीक भाषेत कोनिस म्हणत. ती आणि मी एका नावात आलो की होतो न्यूमोकोनिओसिस, फुप्फुसात बसलेली धूळ. त्या नावात राहायला मला कधीच आवडलं नाही.

डोमाची लेक रत्नमाला भंडाऱ्याला नर्सिंग शिकत होती. पौर्णिमेला ती घरी आली. विहारात सगळे डोळे मिटून श्वासावर ध्यान लावून बसले, तेव्हा बाप मधूनच उठून बाहेर गेलेला तिनं पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं खाणीनं केलेल्या त्याच्या तपासणीची फाईल उघडली. छातीचा फोटो साफ होता. कागदावर त्या नकोशा नावात मी होतो आणि माझ्यापुढं ‘नाही’.

“नाही म्हनते ना? मंग झालं,” डोमा चप्पल शोधत म्हणाला. “दोनची पाळी आहे माही.”

“मंग बसल्या जागी काहून धापा टाकून राहिले, बाबा?”

“तुह्या मायच्या भाजीत तिखट लय.”

“माह्या भाजीचं नाव नोको घेऊ,” चुलीपासून मंगलाबाई म्हणाली. “डबाभर गूळ कोनं सरवला, ते सांग पोरीले.”

“गूळ पोटात जाते, बाबा. धूळ छातीत जाते. दोघायचे रस्ते अलग आहेत.” रत्नमालानं त्याचा हात धरला. “एका दमात वीस मोजा. मंग जा खुशाल.”

डोमा हसला. छाती फुगवून मोजू लागला. पाचपर्यंत ठणठणीत. सातला आवाज पातळ झाला. नऊवर तो फाटला, आणि त्यातून जो खोकला निघाला त्यानं मंगलाबाईच्या हातातलं उलथनं तिथंच थांबलं.

तेवढ्यात पाळीचा भोंगा वाजला. डोमानं खुंटीवरची टोपी काढली. तो आज खाली उतरला, तर नळी पुन्हा बंद राहणार होती.

त्या कागदावरचं ‘नाही’ खोटं होतं, हे मला ठाऊक होतं. पण शब्दाला आपण होऊन बोलता येत नाही, कुणाच्या तरी ओठांवर यावं लागतं. मित्रांनो, म्हणून एवढंच मागणं आहे. दम कमी पडला तर त्याला तिखटामागं, गुळामागं लपवू नका. मला वेळेत ओठांवर आणा.

डोमा उंबऱ्यापर्यंत गेला. तिथंच खाली बसला. टोपी मांडीवर ठेवून बराच वेळ श्वास जमवत राहिला.

“पोरी,” तो म्हणाला, “तो छातीचा फोटू माहा नोहे. मशीनवरून काढतीन म्हनून माह्या नावावर घनश्यामले उभा केलो होतो.”