खिडकीतली निळी किटली

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. निळ्या इनॅमलची, अर्धी बादली पाणी सहज पोटात घेणारी. किलव्हारा गावच्या सभागृहात मी असा कडक चहा केला आहे, की त्यात चमचा उभा राहायचा आणि फादर 'बसा' म्हणाले तरी बसायचा नाही. खोटं वाटत असेल तर माझ्या तोटीत डोकावून बघा. चाळीस वर्षांचा थर आहे तिथे.

भट्टीत तीनदा भाजून माझ्यावर हा रंग चढवला. मग लग्न, बारसं, मयत, पत्त्यांचे डाव, सगळीकडे मीच. लोक म्हणायचे, "चहा प्यावा तर निळीचा."

पण माझे खरे दिवस आले ते फाख्तनांमुळे. फाख्तना गुरांचे डॉक्टर. दारूच्या नशेत त्यांनी एकदा गाईऐवजी गवळ्यालाच सुई टोचली होती, आणि गवळी दोन दिवस हंबरत होता. त्यानंतर त्यांनी दारू सोडली आणि ती सोडू पाहणाऱ्यांसाठी सभागृहाच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी बैठक सुरू केली. पहिला हिवाळाभर कुणीच आलं नाही. मग ते माझ्यापुढे उभे राहून म्हणायचे, "मी फाख्तना. मी दारुडा आहे." मी वाफ सोडायचे. एवढीच बैठक.

पबला पाटी असते, तशी आम्हाला लावायची सोय नव्हती. दारात कुणाची गाडी दिसली तर रविवारच्या प्रार्थनेआधी बातमी डोंगरापलीकडे! म्हणून लोक आपलं गाव टाळून तीस मैलांवरच्या बैठकीला जात, आणि तिथल्यांना आमच्याकडे यायचं तर काही खूण हवी. फाख्तना मला खिडकीत ठेवू लागले. दूधगाडीवाल्यांकडून कानोकानी निरोप गेला: निळी किटली दिसली की आत या.

आणि लोक आले. नव्या माणसाच्या हातात कप दिला की बशी वाजायची. काही महिन्यांनी ती वाजायची थांबायची. ते थांबणं मला फार आवडायचं.

फाख्तना गेले. मग सभागृह सांभाळायला असुम्प्ता आली आणि तिच्यासोबत विजेची किटली. ती एका मिनिटात उकळते. तेवढ्या वेळात माणसाने बोलावं तरी काय? माझी रवानगी मोठ्या दालनातल्या कपाटात झाली, नाताळच्या देखाव्यातल्या एककानी गाढवाशेजारी. बैठकीच्या जुन्या लोकांना वाट पाठ होती. खिडकी रिकामी झाल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

जुलैतला गुरुवार होता. दालनात दफनभूमीची समिती बसली होती; मागच्या खोलीतली बैठक त्यानंतर होती. दफनभूमीतल्या वार्षिक प्रार्थनेआधी कुणी किती कबरी घासायच्या, ते ठरत होतं.

बाहेर, हे मला मागाहून कळलं, मॅलकी नावाचा चाळिशीचा माणूस गाडीतून सभागृहाला तिसरी फेरी मारत होता. अकरा दिवस त्याने थेंब घेतला नव्हता. त्याची बायको नूला मुलींना घेऊन माहेरी गेली होती. "एकदा त्या बैठकीला जाऊन ये, मग बोलू," एवढंच ती म्हणाली होती. खिडकीत किटली नाही. समोर पबचं लाल दार. तेवढ्यात आतून समितीची सुरुवातीची प्रार्थना ऐकू आली. दारू सोडणाऱ्यांची बैठकही प्रार्थनेनेच सुरू होते, तेव्हा हीच ती, असं समजून तो आत येऊन बसला. कपाटाच्या फटीतून मी बघत होते.

एकेक जण उठून सांगू लागला.

"मी कॉरमॅक. भिंतीकडच्या तीन."

"मी ऊना. सहा. गुडघा मोडलाय, तरी सहा."

मॅलकी उठला. "मी मॅलकी. मी दारुडा आहे. अकरा दिवस झाले."

कॉरमॅकने चष्मा लावला. "अकरा? कुठल्या रांगेतल्या?"

तेव्हा मॅलकीला टेबलाच्या टोकाला डिंपनाबाई दिसल्या. त्याच्याच गावच्या पोस्टातल्या! पाकिटाच्या वजनावरून आतलं पत्र वाचणाऱ्या! त्यांची आई इथे पुरलेली, म्हणून त्या समितीत. मॅलकी पांढराफटक पडला आणि दाराकडे वळला. बाहेर ते लाल दार होतंच. मी इतका जोर केला, की पाणी नाही, जाळ नाही, तरी माझं झाकण खडखडलं. गाढव साक्षीला आहे.

"थांब पोरा," डिंपनाबाई उठल्या. "मी डिंपना. मीही दारुडी. बावीस वर्षं झाली."

ऊनाने आ वासला. "अगं, तू तर दर गुरुवारी आईची कबर घासायला येतेस ना!"

"एकदाच घासली. बाकी सगळे गुरुवार मागच्या खोलीत. शेवाळ दिसलं नाही होय तुला?"

"दिसलं की. म्हटलं, आईशी पटत नसेल."

आधी कॉरमॅक हसला, मग सगळेच. मॅलकी मात्र रडत होता.

"किटली कुठेय, असुम्प्ता?" डिंपनाबाईंनी कपाट उघडलं, पदराने पुसावं तसं स्वेटरच्या बाहीने मला पुसलं, एका हातात मी, दुसऱ्या हातात मॅलकीचं कोपर, आणि त्या मागच्या खोलीकडे निघाल्या. त्या संध्याकाळी बशी इतकी वाजली, की पलीकडच्या कुरणातल्या मेंढ्या दचकल्या. नाताळच्या सुमाराला ती थांबली. तोवर नूला मुलींसह घरी आली होती.

आता मी बुडाशी गळते, म्हणून पुन्हा नुसती खिडकीत बसते. चहा विजेवालीच करते, करू दे. पण मित्रांनो, जुनी वस्तू कपाटात टाकण्याआधी जरा विचारा, तिच्याकडे बघून कोण येत होतं. आणि गुरुवारी रस्त्यावर एखादी गाडी तिसऱ्यांदा वळताना दिसली, तर मला थोडं काचेजवळ सरकवा.