आठवं पाणी

त्या काळी मला मी फार मोठा केमिस्ट वाटायचो. अंबडच्या आमच्या छोट्याशा कारखान्यात लिग्नाइटपासून, म्हणजे तपकिरी कोळशापासून, साखरेचा पाक स्वच्छ करायला लागणारा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन बनायचा. लिग्नाइटचा चुरा झिंक क्लोराइडच्या पाण्यात भिजवायचा, भट्टीत भाजायचा आणि मग आतलं झिंक निघेपर्यंत गरम पाण्याने धुवायचा. हे धुण्याचं काम भिमाबाईंकडे. सात पाणी झाली की त्या शेवटच्या पाण्याची बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवायच्या. त्यात मी सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचो. पाणी दुधाळ झालं, म्हणजे झिंक क्लोराइड अजून उरलेलं असलं, तर आठवं पाणी. एवढंच तर माझं काम!

अठ्ठ्याण्णवच्या नवरात्रात वणीच्या गडावर जायला आमची जीप गेटवर येऊन उभी राहिली. मेहुणा हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. तेवढ्यात भिमाबाई बाटली घेऊन आल्या.

"सात झाली साहेब. पर नीट बघा, या खेपेचा चुरा लय चिवट हाय."

"दिसतंय की स्वच्छ," असं म्हणून मी थेंब न टाकताच रजिस्टरमध्ये 'पास' लिहिलं आणि पळालो.

तीन आठवड्यांनी सरबतवाल्या कंपनीने सगळा माल परत पाठवला. त्यांचा पाक तुरट झाला होता. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती.

"टेस्ट मी केली होती," मी म्हणालो. "बाईंनीच एखादं पाणी चुकवलं असणार, बाटलीही वरच्या नितळ पाण्याची भरली असणार."

त्याच दिवशी भिमाबाईंना काढलं. मला हायसं वाटलं होतं, हे आठवलं की आजही माझी मलाच किळस येते.

आठ वर्षांनी धीर करून त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत घोकत होतो. त्यांनी चहा दिला आणि मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या.

"बरं झालं आलात साहेब. इतकी वर्षं मनात हाय. मोजताना मीच चुकले आसंल, सहाच पाणी झाली आसतील. तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवला आन् माझ्यापायी तुम्हाला बोलणी खावी लागली. माफ करा मला."

त्यांचे हात जोडलेले होते. तेव्हाच बोलायला हवं होतं.

"जाऊ द्या भिमाबाई," मी म्हणालो. "होतं असं माणसाकडून."

त्यांनी पदराने डोळे पुसले. आणि मी त्यांना माफ करून घरी आलो.