वरचे अडीचशे

पिनेचं एक टोक उचकटलं होतं आणि त्याला पिवळट कागदाचा कपटा अडकला होता. तो तिने नखाने काढला, काढून झाल्यावरही नख तिथेच फिरत राहिलं... पिनेखाली चार पावत्या, महिन्याला एक, तुरुंगाच्या खिडकीवर मिळालेल्या. पहिलीवर जमा हजार, कपात पाचवा हिस्सा, दोनशे. पुढच्या तिन्हींवर जमा साडेबाराशे, कपात अडीचशे. कपातीसमोर बारीक अक्षरांत ‘कोर्ट फी’. हे दोन शब्द तिने चारही वेळा वाचले होते — वाचले म्हणजे डोळ्यांखालून गेले होते. तुरुंगातल्या धाकट्या भावाच्या जुन्या खटल्याचं काहीतरी मागे राहिलं असेल, असं धरून ती मोकळी झाली होती.

“ताई, ती पँट आज न्यायला येणार आहेत,” मशीनवरून मान न वळवता मास्तर म्हणाले. “की आज पावत्यांनाच टाके घालायचेत?”

तिने पावत्या सुयांच्या डब्यात ठेवल्या आणि पँट उलटी केली. कंबर दोन बोटं सैल करायची होती. शिवण उसवली तर आत माया सोडलेलीच नव्हती, कुणीतरी कापड अगदी काठाशी कापून टाकलेलं. अशी कामं तिच्याकडेच यायची. जोड लावायचा आणि तो दिसू द्यायचा नाही.

हजारातले दोनशे कापले तर त्याच्या हाती आठशे पडतात. साबण, पाठीचं मलम, पत्राचे कागद — आठशेत कसं भागायचं? बाराशे भरले तर नऊशे साठ उरतात, तेही चाळीस कमीच. शेवटी खडूने कापडाच्या तुकड्यावर मांडून तिने आकडा काढला होता, साडेबाराशे, कापून बरोब्बर हजार, आणि मास्तरांना दाखवला होता. “कापड आकसणार हे धरूनच कापायचं,” मास्तर म्हणाले होते. “शिकलात.” त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत खुशीत होती. आपल्याला एवढं सुचलं याची खुशी. वरचे अडीचशे ती घरी नेलेल्या काजे-बटणांतून काढत होती.

आणि काल दुपारी कोर्टाचा माणूस दुकानातच आला. सही घेतली, लखोटा दिला. वादी — तिचा धाकटा भाऊ, नावापुढे कैद्याचा नंबर. प्रतिवादी — ती. वडिलांनी, म्हणजे नानांनी, शेवटच्या आजारपणात दोन खोल्या एकट्या मुलीच्या नावे केल्या तो कागद रद्द करावा, कारण तो वडिलांना वाचून दाखवला नव्हता. निम्मा वाटा मिळावा. शेवटच्या पानावर फीचं लिहिलं होतं. वादी कैदेत, मालमत्ता नाही, म्हणून फी एकरकमी न घेता त्याच्या तुरुंगातल्या खात्यावर येणाऱ्या पैशातून पाचवा हिस्सा कापावा. एकूण बाराशे. या महिनाअखेर पूर्ण न झाल्यास दावा काढून टाकण्यात येईल.

ती हसली होती. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं, “काय हो, लॉटरी?” — आणि ती म्हणाली, “तसंच काहीतरी.”

दोनशे, आणि अडीचशे तीनदा. साडेनऊशे भरून झाले होते. उरले अडीचशे. पाठ कामातून गेल्यापासून धाकट्याला तिथे काम नव्हतं, म्हणजे खात्यावर तिच्याशिवाय कुणाचा पैसा येत नव्हता, आणि ती महिन्यातून एकदाच भरायची. आज. आज साडेबाराशे भरले तर फी पुरी होते. हजार भरले तर पन्नास कमी पडतात.

पन्नास. काही करायचंच नव्हतं, फक्त पूर्वीसारखं वागायचं. हजारच तर ठरले होते. वरचे अडीचशे तिने स्वतःहून वाढवले होते, ते बंद केले म्हणून कोण बोट दाखवणार? खोल्या राहतील. गच्चीकडची खिडकी राहील, मशीन ठेवलेला कोपरा राहील... आणि त्यानेच तर लिहिलं होतं, “ताई, हजारच पाठवत जा. वाढवू नकोस.” तिला वाटलं होतं, संकोच. बिचारा. आता ते वाक्य कसं वाचायचं? बहिणीच्या पैशाने बहिणीवर दावा लावायला त्याला जड जात होतं? की पन्नास कमी पडले तर त्यालाही बरंच वाटणार होतं... सुई बोटात गेली. तिने बोट तोंडात धरलं.

“जेवायच्या सुट्टीत जाऊन येते,” ती म्हणाली.

“जा. सलाम सांगा आमचा. त्याने उसवलेली कॉलर अजून ठेवलीय म्हणावं.” धाकटा तीन आठवडे इथे काम शिकायला आला होता. मास्तर ते विसरत नसत.

रस्त्याने चालताना तिने पाकीट दोनदा उघडून पाहिलं. हजार एका घडीत, अडीचशे वेगळ्या घडीत. सकाळी तिनेच तसे ठेवले होते; का, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

वाचून दाखवला नव्हता. हे खोटं आहे. मी वाचला होता, पहिलं पान तर पूर्ण. वकिलाचा कारकून दारात घड्याळ बघत उभा, नर्स सलाईन बदलायला आलेली, आणि नानांचं मनगट माझ्या हातात, कारण पेन निसटत होतं. मनगट धरणं म्हणजे सही करवून घेणं नव्हे. दुसरं पान उलटलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “धाकट्याचं काय?” आणि मी म्हणाले... सही होऊ दे नाना, मग बोलू. मग त्यांना झोप लागली. मग बोलणं झालं नाही. एवढंच. हे कुणालाच माहीत नाही, त्यालाही नाही. तो आपला अंदाजाने लिहितोय. दावा उभा राहिला तर मात्र कुणीतरी विचारेल, ते काही बोलले का. पन्नास कमी पडले तर कुणीच विचारणार नाही, कधीच नाही.

खिडकीपुढे तिच्या आधी दोघेजण होते. मग एकच. मग काचेआडची कारकून बाई, केसांत पेन्सिल खोचलेली.

“या. सुटे आणलेत ना? मागच्या वेळी माझा गल्ला रिकामा केलात.”

“आणलेत.”

“नेहमीचेच? साडेबाराशे?”

तिने पाकीट उघडलं. दोन घड्या. काल दुपारपासून ती या क्षणाला घाबरत होती, आणि आता बघते तर भीती जागेवर नव्हती — खोल्यांची नव्हती, खिडकीची, मशीनची नव्हती. ती सरकून दुसरीकडे कुठेतरी, बरीच आत जाऊन बसली होती. आणि तिथे नाना डोळे उघडून वाट पाहत होते, रागावलेले नव्हेत, नुसते वाट पाहत, जसं एखाद्याने काही विचारावं आणि समोरचा पाणी आणायला म्हणून उठून जावा.

“ताई? किती लिहू?”

“विचारलं होतं त्यांनी,” ती म्हणाली.

“कुणी?”

मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. बाईचं पेन पावतीवर टेकून थांबलं होतं. वाक्य एकदा बाहेर आलं होतं. ते पुन्हा म्हणता येईल का हे ती ओठांतल्या ओठांत बघत होती, दोन्ही घड्यांवर हात ठेवून.